गाडीत म्युझिक जरूर बसवा, पण आधी मीटर लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या पुरवणीत आपण नव्या गाडीच्या सजावटीला अर्धे पान दिले होते. टचस्क्रीन कोणती घ्यावी, सीटखाली मावणारा सबवूफर कसा असतो, दारात किती इंची स्पीकर बसतात, सगळे होते. हा सगळा पसारा ज्या वायरींवर चालतो त्यांच्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. मी परळच्या भोईवाड्यात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, वडिलांपासूनचे दुकान. दिवाळीचा बोनस हातात पडला की लोक गाडीत म्युझिक बसवून घेतात, आणि तुळशीची लग्ने लागेपर्यंत त्यातल्या काही गाड्या माझ्या दारात येऊन उभ्या राहतात. कुणाची बॅटरी रोज सकाळी बसलेली, कुणाच्या स्पीकरमधून सीटी, कुणाचे हेडलाइट ढोलाच्या ठेक्यावर मिणमिणतात. म्हणून हे पत्र. लांबले तर माझी बडबड कापा, आकडे ठेवा.

या बहुतेक गाड्या माझ्याकडे येण्याआधी जिथे म्युझिक बसवले त्या दुकानात जाऊन आलेल्या असतात. तिथे गिऱ्हाइकाला नॉइज फिल्टर, कॅपॅसिटर नाहीतर मोठी बॅटरी विकलेली असते. मीटर कुणी लावलेला नसतो. व्होल्ट आणि करंट मोजणारा काही शे रुपयांचा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो लावल्याशिवाय वस्तू बदलत सुटायचे, हा आमच्या धंद्यातला आळस आहे आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक भरते.

आधी सीटी घेतो, कारण ती तक्रार सगळ्यांत जास्त. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर गाणे स्वच्छ वाजते. इंजिन चालू केले की स्पीकरमधून बारीक ‘कुईंऽऽ’ सुरू होते, आणि रेस द्यावी तशी ती वर चढते. ही अल्टरनेटरची सीटी. (जुने मिस्त्री त्याला अजून डायनॅमोच म्हणतात, गिऱ्हाइकाशी बोलताना मीही म्हणतो.) अल्टरनेटर आतल्या आत तीन फेजचा एसी तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. हा डीसी अगदी सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा राहतात. इंजिनाचे फेरे वाढले की लाटा जलद होतात, म्हणून सूर चढतो. अशा लाटा प्रत्येक गाडीत असतात. कंपनीच्या स्टिरिओत त्या ऐकू येत नव्हत्या आणि नवा, आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प लावल्यावर येऊ लागल्या, तर पहिला संशय अ‍ॅम्पच्या अर्थवर, म्हणजे बॉडीला जोडलेल्या त्याच्या निगेटिव्ह वायरवर, घ्यायचा.

अ‍ॅम्प असतो डिकीत किंवा सीटखाली, आणि त्याची काळी वायर तिथेच बॉडीला जोडतात. पोरगा घाईत असला की सीटच्या बोल्टखाली थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कडे) सरकवतो आणि मोकळा होतो. बोल्टखाली रंग असतो, रंगातून करंट जात नाही. जातो तो बोल्टच्या आट्यांतून, कसाबसा. (सीटबेल्टच्या बोल्टला तर कुणी हातही लावू नये. अपघातात माणसाला धरून ठेवणारा तो बोल्ट आहे.) परतीची वाट अशी चोंदली की, दादरचा पूल तुंबल्यावर माणसे रुळांवरून जातात तसा थोडा करंट दुसरी वाट धरतो. ही दुसरी वाट म्हणजे डेकपासून (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओपासून) अ‍ॅम्पपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी. गाणे आणि अल्टरनेटरच्या लाटा एकाच केबलमधून चालल्या की अ‍ॅम्प दोन्ही मोठे करून वाजवतो.

याची परीक्षा सोपी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लांब वायर जोडून. दुसरी पिन अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर. इंजिन चालू, गाणे मोठ्याने. मीटरवर ०.१ व्होल्टच्या आसपास दिसले तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब, पुढे काही शोधायची गरज नाही. शिवडीच्या एका गृहस्थांच्या हॅचबॅकमध्ये ०.७ होते. त्याआधी त्यांनी फिल्टर घेतला होता, मग जाड वेष्टनाची महाग आरसीए केबल घेतली होती, आणि आता डेकच बदला असे त्यांना सांगण्यात आले होते. मी नवी जागा निवडली, रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, दात्यांचा वॉशर घालून बोल्ट आवळला आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस फासले. सीटी गेली. मजुरीचा आकडा ऐकून ते खूश होतील असे मला वाटले होते, पण आधी किती घालवले ते आठवून त्यांचा चेहरा उतरला.

अर्थ चांगली असूनही सीटी असेल तर म्युझिक बंद करून अ‍ॅम्पकडच्या आरसीए पिना काढायच्या आणि पुन्हा चालू करायचे. आवाज थांबला तर तो सिग्नलच्या वाटेने येतोय. मग आरसीए केबल आणि बॅटरीची जाड वायर गाडीच्या एकाच बाजूने एकत्र बांधून नेल्या आहेत का ते बघा. एक डावीकडून आणि एक उजवीकडून न्यायची असते. डेकची काळी वायर डॅशबोर्डच्या मागे कुठल्या तरी अनोळखी वायरीत पिळून दिली आहे का, तेही बघा. काही डेकमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आतून एक नाजूक फ्यूज असतो, म्युझिक चालू असताना पिना काढल्या-घातल्या की तो उडतो. ते कडे वायरच्या तुकड्याने डेकच्या पत्र्याला टेकवून बघायचे. सीटी गप्प झाली तर दोष सापडला. ‘बंद करून’ असे वर मुद्दाम लिहिले ते यासाठी.

पिना काढूनही आवाज चालूच राहिला तर अ‍ॅम्पच्या सप्लायकडे बघावे लागते. बॅटरीवर मीटर एसी व्होल्टला लावून, इंजिन चालू ठेवून लाटा मोजता येतात. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. इथे एक फसगत आहे. अगदी स्वस्त पिवळे मीटर एसीवर ठेवले की बॅटरीचा डीसीसुद्धा एसी समजून चक्क दुपटीने दाखवतात. पिना उलट करून बघा. आकडा शून्यावर आला तर तो मीटरचा खेळ, अल्टरनेटर बिचारा निर्दोष.

दुसरे मोठे दुखणे बॅटरीचे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काही चालू न करता, चांगल्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, १२ च्या खाली म्हणजे सेल्फ मारायला तिच्यात फारसे काही उरलेले नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम हात आखडता घेतो, म्हणून हेडलाइट लावून, जरा रेस देऊन मोजावे. आकडा बरोबर आला तर चार्जिंग ठीक आहे. तरीही सकाळी बॅटरी बसत असेल तर रात्री कुणीतरी करंट पीत आहे.

कोण पितो हे शोधायला बॅटरीची निगेटिव्ह सोडायची आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मधे जोडायचा. दार उघडेच ठेवावे लागते, म्हणून लॅचमध्ये पेचकस फिरवून गाडीला दार बंद झाल्यासारखे भासवायचे. मग थांबायचे. आजच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वीस मिनिटे, कधी जास्तही घेतात, आणि नेमका हा धीर कुणाकडे नसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो. सगळे शांत झाल्यावर आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. हिशेब करून बघा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर आठवडाभर उभी राहू शकते. तेच अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेणार नाही.

हा अर्धा अँपिअर कुठून येतो? डेकच्या मागे पिवळी वायर बॅटरीची असते, घड्याळ आणि स्टेशने लक्षात ठेवायला, आणि लाल वायर चावीची. चावीचा करंट शोधायचा कंटाळा आला की दोन्ही एकत्र पिळून टेप मारतात. डेक मग कधीच पुरता बंद होत नाही. दुसरी जागा म्हणजे अ‍ॅम्पला जागे करणारी निळी-पांढरी रिमोट वायर. तीही कधी कधी कायमच्या करंटवर दिलेली असते, मग अ‍ॅम्प रात्रभर जागा. उभ्या गाडीतल्या अ‍ॅम्पवर सकाळी हात ठेवून बघा. कोमट लागला तर मीटर काढायचेही कष्ट नकोत. असे असताना गिऱ्हाइकाला बॅटरी बदलायला सांगतात. नवी बॅटरी थोडे दिवस तग धरते, वॉरंटीत बदलून मिळते, पुन्हा बसते, आणि बोल बॅटरीवाल्याला लागतो.

आता हेडलाइट मिणमिणण्याविषयी. खोक्यावर १००० वॉट छापलेले असते, त्याकडे बघूच नका. अ‍ॅम्पवरचा फ्यूज बघा. २५ अँपिअरचा असेल तर १३.८ व्होल्टला तो बॅटरीकडून ३४५ वॉटच्या वर सतत काही घेऊ शकत नाही, आणि साध्या एबी क्लासच्या अ‍ॅम्पमध्ये त्यातले निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरपर्यंत पोहोचतात. बाकी सगळी उष्णता. तरी ३४५ वॉटसुद्धा छोट्या गाडीला जड आहेत. लालबागच्या सिग्नलला एसी, पंखा, वायपर आणि दिवे चालू ठेवून गाडी उभी असते तेव्हा अल्टरनेटर त्याच्या पूर्ण ताकदीच्या जवळपासही नसतो.

त्यात वायर बारीक. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ४.३ मिलीओहम. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरले आणि ३० अँपिअर वाहिले, तर वाटेतच ०.६५ व्होल्ट गेले. १६ स्क्वेअर एमएम घातली तर ०.१६ जातात. आणि बाजारात ‘किट’ म्हणून जी लाल-काळी चकचकीत वायर मिळते ती बऱ्याचदा तांब्याची नसतेच, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर समजा. ती वायर तांब्याच्या दीडपट तरी रोध करते. शिवाय आपल्या दमट, खाऱ्या हवेत तिची टोके टर्मिनलमध्ये पांढरी पूड धरतात.

यावर इलाज म्हणून विकला जाणारा कॅपॅसिटर दिसतो मात्र छान, निळे आकडे दाखवतो. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत ३० अँपिअर किती वेळ पुरवील? सेकंदाचा पंधरावा भाग. एका थापेपुरता. पुढच्या थापेआधी त्याला भरायचे कामही त्याच अल्टरनेटरने करायचे. वायर जाड करा, अर्थ नीट करा, बॅटरीची टर्मिनले घासून घ्या, आणि एवढे करून कमी पडले तर छोटा, कमी उष्णता करणारा डी क्लास अ‍ॅम्प घ्या. हे सांगितले की दुकानदार माझ्यावर नाराज होतात.

फ्यूजबद्दल मात्र मी कुणाची नाराजी बघत नाही. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. बॅटरीपासून निघालेल्या वायरीसाठी दुसरा फ्यूज बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत लागतो. तो नसेल आणि वायर वाटेत कुठे बॉडीला घासून उघडी पडली, तर भरलेली बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलते. वायर लाल होते, प्लास्टिक पेटते आणि थांबवणारे मधे काहीच नसते. घासायची ठरलेली जागा म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधला पत्रा. तिथे भोकात रबरी ग्रोमेट न घालता वायर ओढलेली मी नेहमी बघतो, आणि पत्र्याची कड इंजिनाच्या थरथरीने रोज थोडी थोडी कापत असते. मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर. सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब, आणि त्याची पोलादी नळी डिकीपासून पुढे गेलेली. अ‍ॅम्पची वायर त्याच नळीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली, फ्यूज गायब, असे काम घेऊन एक टॅक्सीवाले भाऊ आले होते. तक्रार काय, तर एफएम खरखरतो! मी आधी बॅटरी सोडली, मग त्यांच्याशी बोललो.

एफएमचे उत्तर त्यामानाने साधे. छतावरच्या छोट्या अँटेनात एक बूस्टर असतो, त्याला डेकच्या निळ्या वायरने करंट लागतो. नवा डेक बसवताना ती वायर लोंबती राहिली की रेनबोचे १०७.१ सुद्धा धड लागत नाही. निळी वायर जोडूनही खरखर राहिली तर डॅशकॅमचा स्वस्त चार्जर उपटून बघा, खरखर त्याच्यातूनही येते.

वडिलांच्या काळी पद्मिनी टॅक्सीत टेप बसवायचा म्हणजे स्पीकरला एक वायर न्यायची आणि दुसरे टोक बॉडीला टेकवायचे. त्या डेकना ते चालायचे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, ही सवय मात्र काही हातांतून गेलेली नाही. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एक बॉडीला लागली तर डेक गप्प होतो किंवा त्याची आयसी (आतली चिप) जळते. दाराच्या बिजागरीत चिरडलेली वायरही हेच करते. अ‍ॅम्पचा ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागला की स्पीकरच्या वायरी एकेक सोडून बघाव्यात, अ‍ॅम्प मेला असे लगेच धरू नये. पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिथे टेस्ट लॅम्प लावणाऱ्याच्या हातून चावी काढून घ्या. नव्या गाडीत मूळ वायरिंग कापू देऊ नका, त्या त्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो. तो महाग वाटतो, पण स्टिअरिंगवरची बटणे आणि वॉरंटीची भांडणे त्याहून महाग पडतात.

पावसाळ्याचे आमच्या भागात वेगळे सांगायला नको. हिंदमाताला पाणी भरले की सीटखालचा अ‍ॅम्प सगळ्यांत आधी बुडतो, कारण त्याची जागाच गाडीत सर्वांत खाली. पाणी आत आलेल्या गाडीत चावी फिरवून ‘बघू या चालतो का’ करू नये. आधी निगेटिव्ह सोडा. कार्पेटखाली नुसते पिळून टेप मारलेले जोड वर्षभरात हिरवे पडतात. ते सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायला हवेत, नाहीतर चांगल्या क्रिम्पने जोडायला हवेत.

गिऱ्हाइकांना माझे सांगणे एवढेच की गाडी ताब्यात घेताना दुकानातच मीटर लावायला सांगा आणि आकडे बिलावर लिहून घ्या: चालू इंजिनाला बॅटरीवर किती व्होल्ट, अ‍ॅम्पच्या अर्थवर किती, बंद गाडीत किती मिलीअँपिअर. बॅटरीजवळचा फ्यूज किती अँपिअरचा आणि वायर किती स्क्वेअर एमएमची, तेही. जो दुकानदार चिडेल त्याच्याकडे पुढच्या वेळी जायचे की नाही ते तुम्ही ठरवा. आपल्या पुढच्या पुरवणीत या पाच आकड्यांना एक चौकट मिळाली तर बरे होईल.

आणि हे बिल जपून ठेवा, कारण विम्याला तेच लागते. कंपनीने छापील किमतीत न दिलेले म्युझिक पॉलिसीत आपोआप धरले जात नाही. जुन्या मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी २४ हे वेगळे कलम होते आणि त्यात किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता सांगितला होता. म्हणजे त्या हिशेबाने २५ हजारांच्या म्युझिकला वर्षाला हजार रुपये. एजंट हे स्वतःहून विचारत नाहीत, नूतनीकरणाच्या वेळी आपणच सांगून नोंद करून घ्यावी लागते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
भोईवाडा, परळ, मुंबई